गिरगावातून झेवियर्सला

मुलाला झेवियर्समध्ये घातलं, असं १९६२ साली आमच्या वाडीत कुणी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे. ‘पाद्र्यांची शाळा ना ती? पोरगा आपल्यात राहील ना?’ माझ्या आजोबांनीही वडिलांना हेच विचारलं होतं, आणि आजोबा चांगले वाचणारे, टिळकभक्त गृहस्थ होते. त्या प्रश्नामागे गिरगावाची सव्वाशे वर्षांची आठवण होती. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला आणि सगळी मुंबई हादरली. पुढे चारच वर्षांनी श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचं प्रकरण झालं. त्याला परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. विल्सन स्कॉटिश प्रॉटेस्टंट होते, झेवियर्सचे फादर रोमन कॅथलिक आणि त्यातही जेझुइट संघाचे. पण वाडीला हा फरक कुठला माहीत! झगा घातलेला तो पाद्री.

वडील महापालिकेत कारकून होते. कचेरी आणि शाळा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पहिली काही वर्षं ते मला सोबतच नेत. आजोबांना त्यांनी दिलेलं उत्तर आमच्या घरात पुढे कित्येकदा सांगितलं गेलं: ‘धर्म घरात शिकवू, इंग्रजी तिथे शिकू दे.’ पन्नाशीच्या दशकात सरकारी धोरणानं मराठी शाळांतलं इंग्रजी आठवीपर्यंत पुढे ढकललं होतं, आणि वडिलांना ते खुपत होतं. त्याहून त्यांना लागली होती ती १९५४ची गोष्ट. त्या वर्षी जानेवारीत मुंबई सरकारनं हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक यांचीच मुलं घ्यायची. म्हणजे कारकुनाच्या मुलाला ते दार बंद. देवळालीची बार्न्स शाळा चालवणारी संस्था कोर्टात गेली, उच्च न्यायालयानं हुकूम रद्द केला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. माझ्यासारखी हजारो मुलं त्या निकालामुळे अशा शाळांच्या बाकांवर बसली. वडील त्या निकालाबद्दल एखाद्या घरच्या कार्याबद्दल बोलावं तसे बोलत.

सेंट झेवियर्स शाळा १८६९ची. त्याच वर्षी क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं, सुएझ कालवा खुला झाला आणि कोटाच्या भिंती पाडून मोकळ्या झालेल्या मैदानांभोवती नवी मुंबई आकार घेऊ लागली. जेझुइटांचा तो धडाक्याचा काळ होता. कराचीचं सेंट पॅट्रिक्स १८६१चं, वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३चं, माझगावचं सेंट मेरीज १८६४चं, पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स १८६७चं. मुंबईचं मिशन तेव्हा जर्मन प्रांताच्या जेझुइटांकडे होतं आणि आठ-नऊ वर्षांच्या आत कराचीपासून पुण्यापर्यंत मुलांच्या शाळांची ही ओळ उभी राहिली. एवढ्या शाळा उघडायला पैसा लागतो हे खरं, पण त्याहून जास्त लागतात ती घरदार सोडून यायला तयार असलेली माणसं. ती राइनकाठच्या आणि स्वित्झर्लंडच्या गावांतून आली, आणि त्यांतल्या पुष्कळांनी पुन्हा घर पाहिलं नाही.

अर्थात जेझुइटांचं आपल्या मुलखाशी नातं त्याहून फार जुनं आहे. हे मला नोकरीला लागल्यावर, वाचताना कळलं. सोळाव्या शतकात वसईत त्यांचं कॉलेज होतं. पुढे जपानात क्रुसावर मेलेला वसईचा गोन्सालो गार्सिया लहानपणी त्यांच्याकडेच वाढला. १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापणारे फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्याला आलेले जेझुइट. मराठीची थोरवी गाताना त्यांनी लिहिलेल्या ओव्या आम्ही मराठीच्या तासाला शिकलो. ते आणि आमचे फादर एकाच संघाचे, हा धागा मात्र माझ्या डोक्यात जुळला नव्हता. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजवटीनं जेझुइटांना आपल्या मुलखातून हाकलून दिलं, १७७३ मध्ये पोपनं संघच बरखास्त केला आणि १८१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. मुंबईत ते परतले तेव्हा जवळजवळ शतकाचा खंड पडला होता.

ठाकूरद्वारहून शाळेत चालत जायचं. चिराबाजारचा मासळीचा वास, पुढे सोनापूर, तिथून धोबीतलाव. तलाव केव्हाच बुजला होता, नाव राहिलं होतं. पण तो चौक म्हणजे एक वेगळा देश होता. जेर महालच्या माड्यांवर गोवेकरांचे कूड. बोटीवरचे खलाशी, खानसामे, बँडवाले तिथे ट्रंका ठेवून राहायचे, गावाप्रमाणे एकेक खोली, आणि संध्याकाळी आतून तेर्साचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा, आवाज यायचा. खाली फुर्टाडोचं वाद्यांचं दुकान. काचेपलीकडची व्हायोलिनं आणि ट्रम्पेटं पाहायला मी रोज थांबायचो आणि वडील रोज हात ओढायचे. समोर कयानी, थोडं पुढे बस्तानी, मरीन लाइन्सच्या बाजूला ससानियन, ही इराण्यांची हॉटेलं. मेट्रो सिनेमावर इंग्रजी चित्रांचे मोठे फलक. १९६४च्या मार्चअखेर ट्राम बंद झाली, त्या दिवशी वडील मला मुद्दाम ट्रामनं घेऊन गेले होते.

वर्गात ख्रिस्ती मुलं होती, पण ती थोडकी. भुलेश्वरचे गुजराती, काळबादेवीचे मारवाडी, भेंडीबाजारचे बोहरी, धोबीतलावाचे पारशी, कॅव्हेलचे गोवेकर, आणि गिरगाव-ताडदेव-खेतवाडीचे आम्ही. बाकावर कोण कुणाशेजारी बसणार हे उंचीवर ठरायचं, त्यामुळे माझ्या डाव्या हाताला बोहरी आणि उजव्या हाताला गोवेकर. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कोणाचा डबा कोणापासून लांब ठेवायचा हे कुणी न सांगता कळायचं, आणि वर्षभरात ते विसरलंही जायचं. आईच्या हातचं आंबट वरण एका पारशी मित्राला इतकं आवडे की ती बुधवारी डब्यात जास्त घालायची. घरी हे आजोबांना माहीत नव्हतं. आईला होतं.

दिवसातून एकदा वर्ग दोन भागांत वाटला जायचा. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, बाकीचे मॉरल सायन्सला. खरं बोलावं, चोरी करू नये, आजाऱ्याला भेटावं, असं त्या पुस्तकात असायचं. त्या तासाला धर्माचा शब्द निघाला नाही असं मी म्हणणार नाही. गोष्टी बायबलातल्याही असत. पण ‘तुझं खोटं, माझं खरं’ हे मी तिथे कधी ऐकलं नाही. आजोबांना वाटणारी भीती माझ्यापुरती तिसऱ्या-चौथ्या इयत्तेतच संपली. आमच्यातला कोणी बाटला नाही. आमच्यातले पुष्कळ जण वहीच्या पानावर डोक्याशी ‘ए.एम.डी.जी.’ लिहायचे, म्हणजे ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’ या जेझुइटांच्या लॅटिन वचनाची आद्याक्षरं. मीही लिहायचो, आणि त्याखाली छोटंसं ‘श्री’. दोन्ही पाहून एका फादरनी विचारलं, ‘हे काय?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं. मग आता गणितही दोघांना शोभेल असं सोडव.’

फादर लोकांबद्दल लिहिल्यावाचून या शाळेबद्दल काही लिहिलं असं होत नाही. ते तिथेच, आवारात राहायचे. शाळा सुटल्यावर घरी जाणारी माणसं नव्हती ती. सकाळी आम्ही यायच्या आधी त्यांची मिस्सा झालेली असायची, संध्याकाळी मैदानावरून आम्ही परतलो तरी पांढऱ्या झग्यातला कोणी ना कोणी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत, हातात प्रार्थनेचं पुस्तक. मुलाचा बाप नोकरीतून कमी झाला, आई आजारी पडली, घरात भांडण झालं, हे वर्गशिक्षकाच्या आधी त्यांना कळायचं. फीची अडचण असेल तर ई.बी.सी.चा, म्हणजे फीसवलतीचा, फॉर्म कसा भरायचा ते बापाला बसवून सांगायचे. ज्याला संसार नाही अशा माणसाचा सगळा वेळ मुलांचा असतो, हे मला तेव्हा जाणवत नव्हतं. आता, स्वतः संसार केल्यावर, फार जाणवतं.

आमच्या वेळचे जुने फादर पुष्कळसे स्पॅनिश होते. याचं मूळ पहिल्या महायुद्धात आहे. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि मुंबईतले जर्मन जेझुइट एका रात्रीत शत्रूचे नागरिक झाले. त्यांच्यावर नजरकैद आली आणि पुढे दोन वर्षांत बहुतेकांना मायदेशी धाडण्यात आलं. ज्या शाळा-कॉलेजांना त्यांनी अर्धशतक दिलं तिथे शिकवायला माणूस उरेना. १९२०च्या दशकाच्या आरंभी हे मिशन स्पेनच्या जेझुइटांकडे आलं. शेजारच्या सेंट झेवियर्स कॉलेजात १९२२ साली आलेले फादर हेरास त्यांच्यातलेच. त्यांनी हिंदुस्थानचा इतिहास शिकवला, संशोधनाची संस्था काढली आणि १९५५ मध्ये इथेच देह ठेवला.

हेरासांचा वारसा मला एका फादरांमध्ये भेटला. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. ते भूगोल शिकवायचे, मराठी तुटक बोलायचे आणि क्रियापद हमखास चुकवायचे, पण थांबायचे नाहीत. एका भाद्रपदात त्यांनी मला विचारलं, केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती खरोखर १८९३पासूनचा आहे का? मी आजोबांना विचारलं. आजोबांनी त्यांना चाळीत बोलावलं. झगा घातलेला उंच स्पॅनिश पाद्री आणि धोतर-कोटातले माझे आजोबा खाडिलकर रोडवरून गर्दीतून चालले आहेत, टिळकांनी हा उत्सव रस्त्यावर का आणला यावर दोघं तिसऱ्याच भाषेत, म्हणजे आपापल्या इंग्रजीत, वाद घालताहेत, आणि मी मागे. त्या दिवसानंतर ‘पोरगा आपल्यात राहील ना’ हा प्रश्न आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

१९६४च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले. हिंदुस्थानात पाय ठेवणारे ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर युखरिस्तिक काँग्रेसचा मोठा सोहळा झाला. शाळेतली कॅथलिक मुलं महिनाभर त्याच धांदलीत. आम्ही बाकीचेही रस्त्याच्या कडेला उभे राहून आलो, कारण मित्रांचा सण तो आपला सण. त्याच वर्षांत रोमला व्हॅटिकन परिषद चालू होती आणि तिचे परिणाम हळूहळू आमच्यापर्यंत पोचले. लॅटिन मिस्सा गेली. कोकणी आणि मराठी गायनं ऐकू येऊ लागली. काही तरुण फादर शर्ट-पँटमध्ये दिसू लागले. पुण्यात फादर लेडर्ले मराठी संतविचाराचा अभ्यास करत होते. फ्रेंच जेझुइट फादर दलरी यांनी वारकऱ्यांबरोबर चालून विठोबाच्या संप्रदायावर ग्रंथ लिहिला होता. परक्या देशातून आलेले हे लोक आपल्या घरातल्या देवाकडे इतक्या आदरानं पाहत होते, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आपण त्यांची आठवण पुरेशी ठेवली नाही, असंही वाटतं.

१९६८ मध्ये वर्तमानपत्रांत एक नाव रोज यायचं: विन्सेंट फेरर. हे स्पॅनिश जेझुइट मनमाडला शेतकऱ्यांसोबत विहिरी खणत होते, बियाणं आणि कर्ज देत होते. त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला आणि तिथले शेतकरी त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले. ते स्पेनला गेले, नंतर परत आले ते आंध्रात अनंतपूरला, आणि अखेरपर्यंत तिथेच राबले. आमच्या भूगोलाच्या फादरांना त्या दिवसांत मी पहिल्यांदा गप्प पाहिलं. वर्गात त्यांनी दख्खनच्या पावसाचा नकाशा काढला, मनमाडवर बोट ठेवलं आणि पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवला. पूर्ण तास तेवढंच.

आझाद मैदान आमच्या आवाराचा विस्तारच होता. क्रिकेट म्हणजे जाइल्स आणि हॅरिस ढाल, आणि ढालीच्या मोसमात अभ्यासाला कोण विचारतो. चिखलवाडीचा सुनील गावसकर आमच्या शाळेचा. मी खालच्या वर्गात होतो तेव्हा त्याची शेवटची शालेय वर्षं, आणि १९६६ साली देशातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू म्हणून त्याची निवड झाली. आम्ही लहान मुलं सीमारेषेबाहेर मांडी घालून बसायचो. तो खेळत असला की कंटाळा यायचा, हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगतो, कारण तो बादच होत नसे आणि आम्हाला दुसऱ्या कुणाची तरी फटकेबाजी पाहायची असे. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजहून त्याच्या ७७४ धावांची बातमी आली तेव्हा त्या न बाद होण्याची किंमत कळली.

शाळेच्या क्रिकेटची जगभर सांगितली जाणारी गोष्ट मात्र पराभवाची आहे, आणि मला ती जास्त जवळची वाटते. फेब्रुवारी १९८८, हॅरिस ढालीचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, दोघांची भागी ६६४. शारदाश्रम २ बाद ७४८. या आकड्यांवर पानंच्या पानं लिहिली गेली. पण मैदानावर आणखी अकरा मुलं होती, आमच्या शाळेची, चौदा-पंधरा-सोळा वर्षांची. फेब्रुवारीचं ऊन, आझाद मैदानाची धूळ, शेजारच्या सामन्यांचे क्षेत्ररक्षक अंगावर येताहेत, आणि चेंडू पुन्हा पुन्हा सीमेबाहेरून आणायचा. ती मुलं मैदान सोडून गेली नाहीत. मग फलंदाजीला उतरली आणि १४५वर आटोपली, कांबळीनं सहा बळी घेतले. त्या दिवशी मार खाल्लेला लेगस्पिनर साईराज बहुतुले पुढे मुंबईसाठी वर्षानुवर्षं बळी घेत राहिला आणि २००१ मध्ये भारताकडून कसोटी खेळला. आमच्या भूगोलाच्या फादरांना ही गोष्ट फार आवडली असती. ‘हरताना कसं उभं राहायचं ते मैदान शिकवतं,’ हे ते दर सामन्यानंतर म्हणायचे, जिंकलो तरी.

मी १९७३ मध्ये अकरावीची एस.एस.सी. झालो. दोनच वर्षांनी दहावीचा नवा आकृतिबंध आला. त्याच १९७३ साली, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला, जेझुइटांचे प्रमुख फादर पेद्रो अरूपे यांनी आपल्याच शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे एक भाषण केलं. आपण तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असं त्यांनी विचारलं आणि उत्तर स्वतःच दिलं: नाही. शहरांतल्या नावाजलेल्या शाळांवर एवढी माणसं खर्ची घालावीत की ज्यांना शाळाच नाही त्यांच्याकडे जावं, हा प्रश्न त्यानंतर जगभरच्या जेझुइटांना पडला. महाराष्ट्रातही तरुण फादर ठाणे, नाशिक, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांकडे अधिक वळले. इकडे युरोपातून येणारे मिशनरी थांबले, आणि इथल्या कॅथलिक कुटुंबांत एक-दोन मुलं झाल्यावर धर्मसेवेला मुलगा देणं अवघड झालं.

म्हणून शाळांच्या व्हरांड्यांतून फादर कमी झाले. लोक याला नुसता ऱ्हास म्हणतात, ते मला पटत नाही. त्यातला एक भाग ठरवून केलेला होता आणि तो योग्य होता. मी कारकुनाचा मुलगा होतो, गरीब नव्हे. ज्या मुलाच्या पाड्यात दिवा नव्हता त्याचा त्या माणसांवर माझ्याहून मोठा हक्क होता. तरीही मुंबईतल्या कोणत्याही जुन्या कॅथलिक शाळेत आज गेलं की जाणवतं: शिकवणारे बहुतेक गृहस्थ, त्यांतही शिक्षिका अधिक. त्या चांगलं शिकवतात, आमच्या काही मास्तरांपेक्षा कितीतरी चांगलं. पण साडेपाचची लोकल पकडून त्यांना विरारला किंवा कल्याणला पोचायचं असतं. आमचा भूगोल आणि आमच्या घरची दुखणी एकाच माणसाला माहीत असण्याचा काळ गेला.

मागचं सगळंच सोनं नव्हतं. त्या काळी सगळीकडच्या शाळांत छडी होती. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारणं बेकायदा ठरवलं ते फार चांगलं झालं. मुलांची शाळा म्हणजे फक्त मुलांचीच, हेही मला आता नीट वाटत नाही. माझी बहीण कॉन्व्हेंटमध्ये आणि मी इकडे, आणि मुलीशी सरळ बोलायला मला कॉलेजात गेल्यावर शिकावं लागलं. मुलांच्या म्हणून चालत आलेल्या कितीतरी शाळांनी अलीकडे मुलींना दार उघडलं आहे. जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहींना याचं वाईट वाटतं. मला वाटत नाही.

मला वाईट वाटतं ते शाळेभोवतीच्या वस्तीचं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. या आकड्यात आमच्या वाड्या आहेत. गिरगावची मराठी घरं आधी डोंबिवली-बोरिवलीला गेली, मग विरार-बदलापूरला. चाळींच्या जागी मनोरे आले, त्यांतली मुलं मोटारीनं आंतरराष्ट्रीय शाळांत जातात. कुडांतली गर्दी ओसरली. बस्तानी २००४ मध्ये बंद झालं. मेट्रो सिनेमाचं मल्टिप्लेक्स झालं. आता जमिनीखालून मेट्रो रेल्वे धावते, गिरगाव आणि काळबादेवी अशी स्थानकं आहेत, त्यांच्या बांधकामासाठी जुन्या इमारती पाडल्या आणि तिथली बिऱ्हाडं हलली. प्रवास सोपा झाला. पण आमची शाळा चालत येणाऱ्या मुलांवर उभी होती. चालत येणाऱ्या मुलांची घरं एकमेकांना माहीत असतात. बोहऱ्याची आजी आणि माझी आजी क्रॉफर्ड मार्केटात भेटल्या तर थांबून बोलायच्या. शाळेनं आम्हाला एका बाकावर बसवलं, पण त्या बाकावरची मैत्री टिकवली रस्त्यानं.

मराठीचं तर उलटंच झालं. आमच्या वेळी मराठी, गुजराती, फ्रेंच यांतून निवड असायची आणि मराठीचा वर्ग तुडुंब भरायचा. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली. कायदा हवाच होता. पण भाषा घरून घेऊन येणारी मुलं शाळेभोवती राहिली नाहीत, तर एकटे मराठीचे सर किती ओढणार? मराठी पालकांशी मी या बाबतीत नेहमी भांडतो. त्यांना वाटतं जुनी अनुदानित कॅथलिक शाळा म्हणजे मागे पडलेली शाळा. एस.एस.सी. बोर्ड, जुनी इमारत, वातानुकूलन नाही. माझ्या एका वर्गमित्रानं नातवाला वर्षाला लाखो रुपये घेणाऱ्या शाळेत घातलं. मी त्याला म्हटलं, तुझ्या नातवाच्या वर्गात टॅक्सीवाल्याचा मुलगा आहे? दुकानात काम करणाऱ्याचा? मौलवीचा? तो गप्प झाला. आमच्या वर्गात हे सगळे होते. अनुदानित शाळांत आजही आहेत, आणि त्या मुलांचे आईबाप आज तेच हिशेब करताहेत जे १९६२ मध्ये माझ्या वडिलांनी केले.

फादरांविषयी मराठीत लिहिलेलं फार थोडं सापडतं, हे मला खटकतं. इंग्रजीत स्मरणिका निघतात, त्यांत तारखा आणि इमारती असतात. क्रियापद चुकवत मराठी बोलणारा माणूस त्यांत नसतो. आमच्या तुकडीतले जे उरलो आहोत ते सत्तरीच्या आसपास आहोत, म्हणून आम्ही ठरवलं की ज्याला जे आठवतं ते त्यानं आपल्या भाषेत लिहावं. पारशी मित्र गुजरातीत लिहितो आहे, गोवेकर कोकणीत लिहायचं म्हणतो पण मुलं वाचणार नाहीत म्हणून इंग्रजीवर घसरतो, आणि मी त्याला दर फोनला कोकणीकडे परत ढकलतो. माझ्याकडे आजोबांच्या डायऱ्या आहेत, मोडीत लिहिलेल्या. १९६७च्या भाद्रपदाची पानं शोधतो आहे. टिळकांवरच्या त्या वादात फादर काय म्हणाले होते ते आजोबांनी टिपून ठेवलं असणार, कारण ते हरलेला वाद कधीच सोडून देत नसत. मोडी वाचायला मी या वयात पुन्हा शिकलो आहे. श्रावणापर्यंत पोचलो.